काळी शाई आणि बापाच्या शर्टाचं दुपटं

मला आधी भीती वाटली ती शाईची. आता आठवलं की माझंच कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं, पण खरं ते सांगते, मी शाईला घाबरले, आणि ज्याला घाबरायचं होतं ते मी स्वतःच्या हातानं धुऊन, वाळवून, घडी घालून उशाशी ठेवत होते.

शाई होतीच तशी. बरणीचं झाकण उघडलं की आत नुसता अंधार, तळ दिसायचा नाही की काठ दिसायचा नाही, काजळ तिच्यापुढं राखाडी दिसेल. कलकत्त्यातल्या बेहालात मी ज्या कारखान्यात जाते तो कारखाना म्हणजे गल्लीतल्या घराच्या खालच्या दोन खोल्या. मालक बंगाली, वयानं माझ्या वडलांएवढे, सगळे त्यांना दादा म्हणतात म्हणून मीपण दादाच म्हणते. तिथं आधी लग्नपत्रिका आणि लेबलं छापायचे. लाकडी चौकटीला ताणलेली बारीक जाळी, ती खाली ठेवलेल्या कागदावर टेकवायची, वर शाई ओतायची आणि रबरी पट्टीनं एका दमात ओढायची, की खाली छाप उठतो. ते काम मला पंधरा दिवसांत आलं. मग न्यू टाउनच्या एका लहानशा कंपनीतल्या मॅडम ही काळी शाई घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आता कागदावर नाही, या पातळ प्लास्टिकवर छापा.

मी नववी सोडलेली बाई, मला काय कळणार, पण त्या मॅडमनी मला बसवून सांगितलं. वय माझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी जास्त असेल. हिंदीत बोलायच्या, मी पण तोडकंमोडकं हिंदी, इथं मराठीत लिहिते. म्हणाल्या, या शाईत कार्बनच्या नळ्या आहेत, केसापेक्षा कितीतरी बारीक, डोळ्यांना दिसणारच नाहीत अशा, आणि त्या एकमेकींत गुंतून बसतात, म्हणून तिच्यातून वीज जाते. साध्या शाईतून जात नाही. म्हणजे तांब्याच्या तारेच्या जागी आपण नुसती रेघ छापायची. प्लास्टिक वाकवलं तरी रेघ तुटत नाही. असली एक पट्टी, बोटाएवढी, तिच्यावर पाण्याचा थेंब टाकायचा, छोट्या यंत्राला जोडायची, की पाण्यात शिसं आहे का ते फोनवर दिसतं. शिसं म्हणजे जड धातू, विष, पोटात गेलं की बाहेर सहज निघत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात वाईट. मोठ्या यंत्रावर तपासायला लोकांना जमत नाही, म्हणून ही स्वस्तातली पट्टी.

मी ऐकत होते, पण माझ्या डोक्यात एकच. मी विचारलं, "मॅडम, ही शाई अंगाला लागली तर? मी मुलीला अजून पाजते."

"ओली असेपर्यंत काळजी नाही. हातमोजे घाल. फक्त सांडून वाळली, तिचा भुगा झाला, तर तो उडू देऊ नको. नाकात जाऊ देऊ नको."

बस्स. बाकीचं सगळं मी विसरले आणि "नाकात जाऊ देऊ नको" एवढं धरून बसले. कारखान्यात वेगळा ड्रेस ठेवला, खिळ्याला टांगलेला, घरी आणायचा नाही. हातमोजे काढले तरी साबण, मग परत साबण. माझ्या बोटांची सालं निघाली. दादा म्हणायचे, "बोउमा, माझ्या शाईपेक्षा माझा साबण जास्त जातोय." बोउमा म्हणजे सूनबाई, इथं अशीच हाक मारतात. घरी पोचले की मुलगी शेजारच्या काकीमांच्या जाळीच्या दारामागून दोन्ही हात पसरून ओरडायची, आणि मी तिच्याकडे न बघता आधी मोरीत जायची. डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय तिला शिवायची नाही. काकीमा म्हणायच्या, केवढी कडक आई गं तू.

कडक आई.

आणि संध्याकाळी तिचा बाप यायचा, भट्टीवरून थेट, आणि ती त्याच्या मांडीवर चढून त्याच्या शर्टात तोंड खुपसायची, आणि मी कौतुकानं बघत चहा ठेवायची.

आमच्याकडची, सांगलीकडची माणसं गलाईच्या धंद्याला देशभर जातात. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. माझे सासरे त्याच धंद्यात गेले, नवरा त्यातच गेला, लग्न झाल्यावर मी त्याच्यामागं कलकत्त्याला आले. सियालदहजवळच्या एका जुन्या इमारतीत आमची एक खोली, आणि दोन गल्ल्या सोडून दुकान, जिथं तो मुशी लावतो, भट्टी फुंकतो. दुकानातला केर टाकत नाहीत, त्यात सोनं असतं. हात धुतलेलं पाणी टाकत नाहीत, त्यात सोनं असतं. कारागिरांचे कपडे फाटले की सेठ ते पण ठेवून घेतो, वर्षाकाठी जाळून राखेतून कण काढतात.

म्हणून बाळंतपणाला सासूबाई आल्या तेव्हा माझ्या नवऱ्यानं सेठला विचारून स्वतःचे जुने चार शर्ट घरी आणले. आमच्या घरात तशी रीत आहे. पहिल्या लेकराला बापाच्या भट्टीवरच्या शर्टाचं दुपटं शिवायचं. सासूबाईंनी ते उकळत्या पाण्यातनं काढले, चौकोन कापले, आत माझी जुनी साडी घातली आणि दहा दिवस बसून असे बारीक टाके घातले की काकीमा रोज बघायला यायच्या, म्हणायच्या, आमच्या बंगाली गोधडीसारखंच, कांथासारखंच हो. सासूबाई पोरीला त्यात गुंडाळून म्हणाल्या, "बापाच्या घामाचं सोनं हाय ह्यात. सोन्यात वाढंल माझी बाय."

ते दुपटं मुलीला इतकं प्यारं की त्याच्याशिवाय झोप नाही. त्याचा एक कोपरा तोंडात. तो कोपरा चोखून चोखून पांढरा झालेला. मी चार दिवसांनी धुवायची, वाळेपर्यंत ती दोरीखाली उभी राहून रडायची.

पावणेदोन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. "मा" म्हणायची, आणि "दे". डॉक्टर म्हणाले, घरात मराठी, शेजारी बंगाली, रस्त्यावर हिंदी, अशी मुलं उशिरा बोलतात. जेवायची नाही. पोट धरून किरकिर करायची, तीन-तीन दिवस शी व्हायची नाही. चेहरा पिवळट. जंताचं औषध दिलं, टॉनिक दिलं. मी मनातल्या मनात शाईला शिव्या द्यायची. वाटायचं, किती धुतलं तरी माझ्या दुधातून जात असणार. एकदा काम सोडायचंच ठरवलं होतं, आणि सोडलं असतं तर आज मला काही कळलंच नसतं.

आता माझी चूक सांगते.

जाळीतून शाई ओढली की जाळीच्या खालच्या बाजूला थोडी राहते. ती दर चार-पाच छापांनंतर पुसावी लागते, नाहीतर पुढची रेघ फुगते, दोन रेघा एकमेकींना चिकटतात आणि पट्टी वाया. पुसायला कंपनीनं पाकिटातलं पांढरं कापड दिलं होतं, ज्याचा धागा सुटत नाही. दादांनी बजावलं होतं, दुसरं काही वापरायचं नाही. एक दिवस पाकीट संपलं. दादा म्हणाले, थांब, उद्या येईल. पण मला तीनची गाडी धरायची होती, शाई ढवळून तयार होती, ती ठेवली की खाली बसते. माझ्या पिशवीत त्या शर्टांचे उरलेले तुकडे होते. दुपटं शिवून उरलेले, मी डबा बांधायला, हात पुसायला वापरायची. शंभरदा धुतलेलं मऊ सूत, त्याला कुठला धागा सुटायला. एक तुकडा काढला आणि पुसलं.

आणि रेघा इतक्या सुरेख आल्या! दादांनी छापलेली प्लास्टिकची शीट उजेडात धरली, मीटरच्या दोन सुया रेघेच्या दोन टोकांना लावल्या, आकडा बघितला, म्हणाले, "तोमार हात तो सोना!" तुझा हात म्हणजे सोनं. मी फुगले. दुसऱ्या दिवशी नवीन पाकीट आलं, तरी मी माझंच कापड काढायला लागले. ते तुकडे एका प्लास्टिकच्या डब्यात टेबलाखाली ठेवले. दादांना सांगितलं नाही. कशाला सांगायचं, छाप चांगला येतोय ना. आणि ते पांढरं कापड एकदा पुसून फेकायचं, माझ्या हातून फेकवत नाही. धुऊन ठेवलेलं जुनं सूत ते काय घाण असतं का?

एका मंगळवारी सकाळी मॅडम आल्या त्या बसल्याच नाहीत. पिशवीतून शीट काढून टेबलावर पसरली आणि म्हणाल्या, "दादा, मी तीन दिवस पाणी बदलतेय, बाटल्या बदलतेय, वेडी व्हायची वेळ आली. हे बघा."

साबणाच्या वडीएवढं यंत्र त्यांनी फोनला जोडलं, शीटमधली एक पट्टी कापून त्यात खोचली, वर अगदी शुद्ध पाण्याचा थेंब टाकला, ज्यात काही म्हणजे काहीच नाही. तीन मिनिटं थांबावं लागतं. मग फोनवर एक रेघ डावीकडून निघते. पाण्यात शिसं नसेल तर ती सपाट जाते. असेल तर मधेच टेकडी येते, जेवढं शिसं तेवढी उंच.

टेकडी आली. लहान, पण होती.

"शुद्ध पाण्यात शिसं दाखवतेय. म्हणजे पाण्यात नाही, पट्टीतच आहे. आणि सगळ्या शीटमध्ये नाही. या नऊमध्येच."

शीटच्या कोपऱ्यात पेन्सिलीची खूण असते. दादांची गोल, माझी फुली. नऊच्या नऊ फुल्या.

दादांनी चष्मा वर केला. "बोउमा?"

"मी काही नाही केलं."

"घाबरू नको," मॅडम म्हणाल्या, पण आवाज तापलेला होता. "शाई घट्ट झाली म्हणून नळाचं पाणी घातलंस?"

"नाही. देवाशपथ नाही."

"हाताला कुंकू, मेंदी, काही क्रीम?"

"हातमोजे होते."

"हिला हात धुवायचा रोग आहे, मॅडम," दादा म्हणाले. "हिच्या हातावर बसायला धूळ घाबरते."

मॅडम खोलीभर बघत होत्या, भिंतीचा रंग, पंखा, खिडकी. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "शिसं असं येईल कुठून? जुना रंग असतो, त्यातून. बॅटरीचा कारखाना शेजारी असला तर. चांदी गाळायच्या भट्ट्या असतात, तिथे तर चांदीत शिसंच घालून वितळवतात, ते घाण ओढून घेतं, सगळा धूर शिशाचा..."

माझ्या कानात काहीतरी बंद झालं.

भट्टी. चांदी. नवरा कधीतरी सांगायचा, आज चांदीचं काम होतं, शिसं घालून बसलो दिवसभर. शिसं हा शब्द मी दोन्हीकडे ऐकत होते, इथं पण आणि घरी पण, आणि माझ्या डोक्यात त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. घरातलं आपलं रोजचं, धंद्यातलं. इथलं मॅडमचं, विष.

मी खाली वाकले. डबा ओढला. झाकण निघेना, दादांनी काढलं.

"मॅडम, हे. मी ह्यानं पुसत होते. माझ्या नवऱ्याचे शर्ट आहेत. तो गलाईत आहे, चांदी गाळतो."

दादा काहीतरी बंगालीत जोरात बोलले, मला कळलं नाही आणि कळून घ्यायचं पण नव्हतं. मॅडमनी कात्रीनं नखाएवढा तुकडा कापला, त्यातलं शिसं उतरावं म्हणून एका बाटलीतल्या आंबट पाण्यात घोळवला, दादांच्या छापातली एक चांगली पट्टी घेतली, तिच्यावर त्या पाण्याचा थेंब टाकला.

तीन मिनिटं.

त्या तीन मिनिटांत मला दिसत होता तो नवऱ्याचा निळ्या रेघांचा शर्ट. त्याच्या बाह्या डब्यात होत्या. पाठ दुपट्यात. पाठीच्या चौकोनाचा कोपरा पांढरा झालेला.

मी फोन लावला. काकीमांनी सातव्या घंटीला उचलला.

"काकीमा, ती कुठाय?"

"घुमोच्चे, घुमोच्चे." झोपलीय म्हणे. आवाज हळू, कौतुकाचा.

"तोंडात काय आहे तिच्या? तोंडात?"

"की आबार! कांथा. कांथा मुखात धरून झोपलीय सोना मेये." आणखी काय असणार, दुपटं धरून झोपलीय सोनुली.

"काढा! तोंडातून काढा, काकीमा, खींच लो, अभी!"

"पागल की? कांदबे तो!" अगं रडेल ना.

"रडू द्या!" मी मराठीत ओरडले, माझं हिंदी-बंगाली सगळं आटून गेलं. "रडू द्या तिला, काढा ते!"

आणि फोन कानाला असतानाच मॅडमच्या फोनवर रेघ निघाली. थोडी सपाट गेली. मग चढायला लागली. चढली, चढली, वरच्या काठाला लागली आणि दिसेनाशी झाली. मॅडमनी बोटानं चित्र लहान केलं तेव्हा तिचं टोक सापडलं. माझ्या शीटमधली टेकडी तिच्यापुढं मुंगीच्या वारुळाएवढी.

पलीकडून माझ्या पोरीची किंकाळी ऐकू आली. काकीमांनी काढलं होतं.

मी मॅडमना सांगितलं, याचंच दुपटं आहे, जन्मल्यापासून आहे, ती चोखते. त्यांचा राग कुठं गेला कुणास ठाऊक. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "ऐक. शिसं धुऊन सगळं जात नाही. आता घरी जा. दुपटं पिशवीत घालून पिशवी बांध, झटकू नको, जाळू तर अजिबात नको, धुरातून पसरेल. तिचे हात-तोंड धू. रक्त तपासायचंय, सगळीकडे होत नाही, मी विचारून ठेवते. ऐकतेयस ना?"

मी नुसती मान हलवत होते. दादांनी रिक्षावाल्याला हाक मारली आणि माझ्या हातात माझी चप्पल दिली, मी अनवाणीच निघाले होते.

माझेरहाटला गाडी मिळाली. बालीगंजला ती उगाच उभी राहिली, किती वेळ माहीत नाही. समोरच्या बाकावर एका बाईच्या मांडीवर माझ्या मुलीएवढाच मुलगा होता, आईच्या पदराचं टोक चघळत. मला उठून तो पदर त्याच्या तोंडातून ओढावासा वाटला. मी खिडकीकडे तोंड केलं. मी मनात मोजत होते, ती जेवत नाही ते, ती पडते सारखी ते, ती बोलत नाही ते. सगळं मीच केलं, मीच धुऊन दिलं. सासूबाईंनी टाके घातले, पण रोज रात्री उशाशी कोणी ठेवलं?

घरी पोचले तर काकीमा दारातच, केस विस्कटलेले, एका हातात दुपटं उंच धरलेलं आणि पोरगी त्यांच्या साडीला लोंबकळून उड्या मारतेय. कामावरून आल्यावर मी पहिल्यांदाच मोरीत न जाता तिला उचललं. तिनं मला मारलं, चावली. "दे! दे!" तिला येत होता तो दुसरा शब्द. मी दुपटं पिशवीत घातलं, गाठ मारली, आणखी एका पिशवीत घातलं, गच्चीच्या जिन्याखाली नेऊन ठेवलं. ती रडून रडून काळीनिळी झाली आणि मी तिच्याबरोबर.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी उंबऱ्यात उभी होते.

"अहो, तिथंच थांबा. शर्ट काढा."

"आँ? डोकं फिरलं का तुझं? माणसं बघत्यात."

"बघू देत. शर्ट काढा, बादलीत टाका. हात धुवा कोपरापर्यंत. तोवर तिला हात लावायचा नाही."

मी सगळं सांगितलं, मोठमोठ्यानं, मधेच श्वास संपत होता. टेकडी, कापड, दुपटं. तो ऐकत उभा राहिला, मग हसला, भीतीनं हसतात तसा. "काळ्या शाईची पट्टी काय सांगती आणि तू काय ऐकती. आमच्या तीन पिढ्या गेल्या ह्या धंद्यात. मी असल्याच दुपट्यात वाढलो. काय झालं मला?"

"सातवी तीनदा दिलीत, ते झालं."

"ए!"

"आणि मामंजींच्या हातातली बशी का वाजते? चहा पिताना? सगळे म्हणतात वय झालं. वय किती आहे त्यांचं?"

त्याचे वडील अजून साठीचे नाहीत. घरात सगळ्यांना ती बशी माहीत आहे, कपाचा कडकड आवाज आला की सगळे दुसरीकडे बघतात. तो आपले स्वतःचे हात बघत राहिला, बराच वेळ, तळवे वर करून. मग तिथंच बोळात शर्टाची बटणं सोडायला लागला.

तरी मोरीत जाताना म्हणालाच, "ते दुपटं टाकू नगो. सोनं हाय त्यात. भट्टीला लावून..."

"जाळायचं नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की काकीमांच्या घरातला टीव्ही बंद झाला.

रक्ताचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी कसे काढले ते लिहिता येत नाही. खोली रोज ओल्या फडक्यानं पुसायची, झाडू मारायचाच नाही, मॅडमनी सांगितलं होतं धूळ उडते. कामाला गेले नाही. दादांचा फोन आला. मला वाटलं, येऊ नको म्हणतील. म्हणाले, "नऊ शीट मी भिंतीला लावून ठेवल्यात. तुझ्या फुलीसकट. नवीन माणूस आला की दाखवणार, पाकिटातलंच कापड का. बरं, पोरगी खाते का?"

मुलांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला तेव्हा मी त्यांच्या भुवया बघत होते. शिसं आहे, ते म्हणाले. नको एवढं आहे. पण दवाखान्यात ठेवून औषध द्यावं एवढं चढलेलं नाही. घरातून ते येणं बंद झालं तर हळूहळू उतरेल. लोह द्या, दूध-अंडी द्या, रिकाम्या पोटी ठेवू नका. तीन महिन्यांनी परत रक्त.

"आणि बोलेल ना?" मी विचारलं.

ते लगेच हो म्हणाले नाहीत. म्हणाले, "लवकर कळलंय. ते चांगलं झालं. बघू." मग विचारलं, "तुम्हाला कळलं कसं? सहसा कोणी येत नाही असं."

मी शाई, जाळी, पुसायचं कापड असं काहीतरी सांगायला लागले आणि मला रडूच फुटलं, नवऱ्यानं सांगितलं पुढचं. सगळं बरोबर सांगितलं त्यानं. टेकडी कशी वर गेली ते हातानं करून दाखवलं, जसं काही त्यानंच बघितलं होतं.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या हातानं शिवलं गं मी." एवढंच. मी म्हटलं, "आत्या, माझ्या साडीचं नवीन शिवा. नुसत्या साडीचं." त्यांनी शिवून पाठवलं पार्सलनं, टाके तसेच बारीक. मी ते मुलीला द्यायच्या आधी कोपरा कापून कारखान्यात नेला. आता मी परत जाते कामाला. मॅडमनी बिघडलेल्या शीटच्या जागी मी नव्यानं छापलेल्यांतली एक पट्टी दिली, पाकिटातल्या कापडानं पुसून छापलेली, माझीच फुली. कोपरा आंबट पाण्यात घोळवून थेंब टाकला आणि तीन मिनिटं मी पदराचं टोक मुठीत धरून बसले. सपाट गेली. शेवटपर्यंत सपाट. दादा म्हणाले, श्वास सोड आता, बोउमा.

मुलीनं मात्र ते नवीन दुपटं फेकून दिलं. अजून घेत नाही. अंगठा चोखते, म्हणून दिवसातून दहादा तिचा अंगठा धुते मी.

तीन महिन्यांनी रक्त दिलं. उतरलंय, पण आहे अजून. पुन्हा तीन महिन्यांनी द्यायचं. आता तिला "पानी" येतं, "काकी" येतं, आणि "थांब" येतं. "थांब" कसं आलं ते सांगते. संध्याकाळी जिन्यात बापाचं पाऊल वाजलं की ती धावते. आणि तो बोळात उभा राहतो दोन्ही हात वर करून, पोलिसानं धरल्यासारखा, आणि म्हणतो, थांब, थांब, थांब. ती त्याच्या गुडघ्यांपर्यंत पोचायच्या आत मी तिला मागून पकडते. ती तडफडते, पाय झाडते. तो शर्ट काढून बादलीत टाकतो, मी एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं त्याच्या हातांवर पाणी ओतते, कोपरापासून खाली, साबण, परत पाणी. ती बादलीकडे बोट दाखवून ओरडते, "थांब! थांब!" तो तिच्याकडे बघतो, हात वरच. मी तांब्या परत भरते.